पचमढीच्या जुन्या बंगल्यात एसी मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक आटोपली, मुलांच्या परीक्षा संपत आल्या की इंदूरच्या मराठी घरांत पचमढीचे, सातपुड्यातल्या त्या थंड हवेच्या ठिकाणाचे, बेत सुरू होतात. हल्ली त्यात इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यात उतरण्याची हौस वाढली आहे आणि ती रास्तच आहे. रॉक एंड मॅनॉर, ग्लेन व्ह्यू यांसारखे बंगले राज्य पर्यटन महामंडळ हॉटेल म्हणून चालवतं, काही खासगी मालकांकडेही आहेत. मात्र खोली ठरवताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "एसी आहे ना?" या मागणीमुळे त्या बंगल्यांचं नुकसान होतं आणि राहणाऱ्यालाही खऱ्या गारव्याला मुकावं लागतं, म्हणून हे पत्र.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, पचमढी १,०६७ मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे नुसत्या उंचीचा फायदा सव्वातीन अंशांच्या आसपास. मार्चमध्ये तिथे दुपारी पारा तिशीच्या घरात असतो, रात्री पंधरा-सोळापर्यंत येतो. दिवस-रात्रीतला हा मोठा फरक ओळखूनच ते बंगले बांधलेले आहेत. दगड किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या दीड-दोन फूट जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषतात आणि रात्री सोडून देतात. भोवतालच्या व्हरांड्यामुळे ऊन भिंतीवर पडतच नाही. छत पंधरा-सोळा फुटांवर, त्याच्या खाली दोरीने उघडणारे झरोके. तापलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते.

पण ही व्यवस्था आपोआप चालत नाही, खोलीत राहणाऱ्याने ती चालवावी लागते. सूर्य मावळला की जाळीच्या खिडक्या आणि सगळे झरोके उघडावेत, ते सकाळी आठपर्यंत तसेच ठेवावेत. नऊच्या आत उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि लाकडी झडपा लावून घ्याव्यात. झरोके मात्र दिवसभर उघडे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. दुपारी "वारा येऊ दे" म्हणून खिडक्या सताड उघडतात, बाहेरची तापली हवा आत घेतात आणि रात्री थंडी वाजते म्हणून सगळं बंद करतात. मग भिंतींना निवायला वेळच मिळत नाही आणि दुसऱ्या दुपारी खोली कोंदट होते. पहाटे गारठा वाटला तर दुलई मागावी, झरोका मिटू नये. झरोक्याची दोरी तुटलेली असली तर तिथल्या कर्मचाऱ्यांना काठीने उघडून द्यायला सांगावं.

एप्रिल लागल्यावर दुपारी पस्तीसच्या आसपास जातं. तेव्हा कोणाला सोसत नसेल तर कूलर मागावा. चैत्रात हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याचा कूलर उत्तम चालतो. अट एकच, समोरचा झरोका किंवा दार उघडं हवं. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात दमट होतं आणि दोष कूलरवर जातो. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर उत्तरेकडे व्हरांडा असलेली खोली मागून घ्यावी; पश्चिमेची खोली संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेली राहते.

आता एसीने काय होतं ते. अठरा बाय सोळाची, सोळा फूट उंच खोली म्हणजे ४,६०० घनफूट हवा. आपल्या फ्लॅटमधली बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली १,४४० घनफुटांची. फ्लॅटमध्ये पुरणारा दीड टनाचा एसी तिथे पुरा पडत नाही. मग पाहुण्यांची तक्रार येते, आणि तिच्यावर उपाय म्हणून फॉल्स सीलिंग ठोकलं जातं. झरोके त्याच्या वर जातात किंवा पत्र्याने बंद होतात. वरच्या पोकळीत पावसाळ्यातली ओल अडकते, तुळया आणि वासे कुजू लागतात, वाळवी लागली तरी खालून दिसत नाही. पचमढीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे छताचं लाकूड नजरेआड करणं फार घातक आहे. एखादं कौल सरकलं तर उघड्या छतात डाग त्याच आठवड्यात दिसतो. झाकलेल्या छतात तो दिसेपर्यंत वासा गेलेला असतो.

भिंतींचंही तसंच. चुन्याच्या भिंतीला बाष्प बाहेर टाकता यावं लागतं. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट दिला की भेगांतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडू शकत नाही. ते क्षार घेऊन वर चढतं, रंगाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि तीन-चार फुटांपर्यंत पोपडे सुटतात. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो. वसंतात जाणाऱ्याला याची परीक्षा सहज करता येते. फाल्गुनात पाऊस थांबून पाच महिने झालेले असतात. तोपर्यंत धड भिंत कोरडी ठणठणीत व्हायला हवी. तेव्हाही पलंगामागे ओलीचा वास येत असेल किंवा रंग फुगलेला असेल तर त्या भिंतीतली ओल कायमची आहे. दम्याचा त्रास असणाऱ्याने अशी खोली लगेच बदलून घ्यावी.

बुकिंगबद्दल थोडं. पुष्कळ ठिकाणी एकाच आवारात मूळ बंगला आणि नंतर बांधलेल्या कॉटेज असतात. छायाचित्र बंगल्याचं दिसतं आणि खोली कॉटेजमध्ये मिळते. "खोली मूळ इमारतीत आहे का, छत उघडं आहे का, झरोके उघडतात का" हे तीन प्रश्न फोनवरच विचारावेत. मूळ बंगल्यात खोल्या मोजक्याच असतात, तेव्हा रंगपंचमीचं बुकिंग निदान महिना-दीड महिना आधी करावं. महाशिवरात्रीला तिथल्या चौरागड डोंगरावरच्या महादेवाच्या जत्रेसाठी विदर्भातून त्रिशूळ घेऊन भाविकांची रीघ लागते. महादेवाला जायचं नसेल तर तो आठवडा टाळावा. खोलीतली जुनी शेकोटी न विचारता पेटवू नये. धुराडं साफ नसेल तर सगळा धूर खोलीत येतो. वळचणीला आग्यामोहोळ असेल तर त्या व्हरांड्यात उदबत्ती, सिगारेट काही नको. आणि माकडं! जाळीचं दार लोटून ठेवलं एवढं पुरत नाही, कडी लावावी.

इंदूरहून रस्त्याने पावणेचारशे ते चारशे किलोमीटर आहे, आठ तास धरावेत. जबलपूरची ओव्हरनाइट गाडी पिपरियाला मध्यरात्र उलटल्यावर पोचवते, पुढे पन्नासेक किलोमीटर मटकुलीवरून घाट आहे. टॅक्सी आधी सांगून ठेवलेली बरी. जंगलातल्या ठिकाणांसाठी परवाना आणि नोंदणी झालेली जिप्सी (उघडी जीप) लागते, ओळखपत्र जवळ असावं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६२ मध्ये बांधलेला बायसन लॉज आता संग्रहालय आहे; जुन्या बांधणीची ओळख करून घ्यायला आधी तिथे जावं.

पर्यटन खात्याकडे आणि खासगी मालकांकडे मागणी अशी: बुकिंगच्या पानावर प्रत्येक खोली मूळ इमारतीतली की नवी हे लिहा आणि छताचं छायाचित्र द्या. एसी द्यायचाच तर तो नव्या कॉटेजमध्ये द्या. मूळ बंगल्यातल्या बिनएसी खोल्यांचा दर कमी ठेवा, म्हणजे लोक त्या आपणहून घेतील. सिमेंटचा गिलावा टप्प्याटप्प्याने काढून भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्या, मग एकास तीन प्रमाणात मुरवलेला चुना आणि वाळू यांचे पातळ थर द्या, वर ऑइल पेंटऐवजी चुन्याचीच सफेदी करा. आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या दुरुस्तीतही चुन्याचंच काम झालं आहे. मात्र हा गिलावा दिवाळी ते होळी या काळातच व्हावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. वैशाखात तो भराभर सुकून तडकतो आणि मृगाच्या तोंडावर लावला तर पहिल्या पावसातच धुऊन जातो.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर