रविवारच्या दगडघडाई वर्गाबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता घडाईचा वर्ग आहे. छिन्नी, हातोडा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि ओळंबा (उभी रेष सरळ आहे का ते पाहायची वजन बांधलेली दोरी) सोबत आणावा. छिन्नीला आदल्या दिवशीच धार लावून ठेवा, कारण बोथट छिन्नीने दगड नको तिथे उडतो.

या वेळी कोरीवकाम नाही, फक्त दगडाची पारख. वालुकाश्म किंवा चुनखडीसारखा थरांचा दगड खाणीत जसा आडवा होता तसाच भिंतीत बसवायचा असतो. थर उभे ठेवले, तर पावसापाण्याने दर्शनी बाजूचे पापुद्रे सुटू लागतात. दगड ओला केला की पुष्कळदा थर दिसतात. हातोडीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आला तर आत भेग असण्याची शक्यता. हा कान पुस्तकातून तयार होत नाही, म्हणूनच जुन्या पाथरवटांसोबत बसायचं आहे.

मास्कशिवाय कोणालाही कामाला बसता येणार नाही. रुमाल चालणार नाही, धूळ रोखणारा मास्कच हवा. दगडाच्या धुळीतल्या सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. अनेक कसबी कारागीर आपण त्यातच गमावले आहेत. जागा कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा.

युनेस्कोने २०१८ मध्ये आठ युरोपीय देशांतली कोरड्या, म्हणजे चुना-सिमेंटशिवायच्या, दगडी रचाईची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याला मात्र शिकणारे हात हवे आहेत. प्रत्येकाने एक तरी नवा शिकाऊ सोबत आणावा आणि त्याचं नाव शुक्रवारपर्यंत कळवावं.