रेशनच्या पिशवीत डाळ घाला: केंद्रीय अन्नमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. धाकटा भाऊ शेती बघतो. सोयाबीनमध्ये तुरीची तासं असतात, सगळं कोरडवाहू. म्हणजे डाळ विकणारा आणि तूर पिकवणारा एकाच घरात आहेत. तुमच्या खात्याचा प्रत्येक निर्णय आमच्या घरात दोनदा पोचतो, एकदा माझ्या गल्ल्यावर आणि एकदा भावाच्या पट्टीवर, म्हणजे माल विकल्याच्या पावतीवर.

2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती. रोजंदारीवर जाणारी एक मावशी माझं जुनं गिऱ्हाईक. नेहमी किलोभर डाळ नेणारी ती बाई त्या महिन्यात पाव किलो मागायला लागली. एकदा तर काट्यावरची डाळ बघून म्हणाली, "अर्धी काढ बाबा, पाणी जास्त घालीन." मी जोखताना थोडी जास्तच टाकली, पण तेवढ्यानं काय होणार होतं?

तो भाव बघून पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली. पीक उदंड आलं आणि 2017 मध्ये मोंढ्यातला, म्हणजे बाजार समितीतला, भाव क्विंटलला चार हजारांच्या खाली घसरला. हमीभाव बोनससह 5,050 होता. भाऊ खरेदी केंद्राबाहेर आठ दिवस पोत्यांवर झोपला. आधी बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून सांगितलं, मग ओलावा जास्त निघाला. शेवटी त्यानं आडतीवरच, बाजारभावानं तूर घातली. पुढं दोन वर्षं त्यानं तुरीचं नाव काढलं नाही.

साहेब, महागाई आली की सरकार धावतं, हे मान्य आहे. जून 2023 मध्ये तूर आणि उडदावर साठा मर्यादा लागली. मोझांबिक, मलावी, म्यानमारशी आयातीचे करार झाले. 2023 च्या डिसेंबरात पिवळा वाटाणाही बिनशुल्क आला. गरज असताना आयात करू नका, असं मी म्हणणार नाही. त्या मावशीचा चेहरा मी बघितलाय. पण वेळ बघा. बिनशुल्क तूर आयातीची मुदत 31 मार्च 2026 पर्यंत वाढवल्याचा निर्णय आला जानेवारी 2025 मध्ये, ऐन मळणीच्या दिवसांत. तेव्हा आमची तूर खळ्यावर होती. घोषणा झाली की व्यापाऱ्याला घाई राहत नाही, शेतकऱ्याला मात्र थांबता येत नाही. गावच्या सोसायटीचं पीककर्ज मार्चमध्ये भरायचं असतं.

भाव चढला की आयात आणि पडला की खरेदी केंद्र, यात कायम टिकणारं असं काहीच नाही. म्हणून माझी एकच मागणी आहे. रेशनवर दरमहा कार्डामागे एक किलो डाळ द्या आणि ती आमच्याकडून हमीभावानं घेतलेल्या कडधान्याची द्या.

2013 चा अन्नसुरक्षा कायदा पोषणाच्या सुरक्षेचंही नाव घेतो. पण त्यात माणशी पाच किलो मिळतात ते तांदूळ, गहू, भरडधान्य. डाळ नाही. नुसत्या भातावर लेकरू वाढत नाही, हे कुठल्याही आजीला विचारा. हे जमणार नाही असंही नाही. 2020 च्या टाळेबंदीत तुम्हीच रेशन कार्डावर महिन्याला किलोभर डाळ दिली होती. तमिळनाडूत तर रेशन दुकानात तूरडाळ 30 रुपये किलोनं मिळते.

खर्च मोठा आहे, हे दुकानदार म्हणून मला कळतं. क्विंटलभर तुरीची डाळ 70 किलोच्या आसपासच उतरते. भरडाई, वाहतूक, गोदाम वेगळं. पण केंद्राच्या कडधान्य अभियानासाठी 11,440 कोटी मंजूर झालेत आणि तूर, उडीद, मसूर चार वर्षं पूर्ण खरेदी करू, असा शब्दही तुम्हीच दिलाय. घेतलेला माल गोदामात पडून राहिला, की तो पुढं बाजारात काढला जातो आणि नव्या पिकाचा भाव पाडतो. तो रेशनच्या पिशवीत गेला तर खरेदीला दरसाल ठरलेलं गिऱ्हाईक मिळेल.

आणि आयातीचा जो काही निर्णय असेल तो पेरणीआधी सांगा. मृग 7 जूनच्या सुमारास निघतं. भाऊ मे संपता संपता बियाणं आणतो. तुरीची किती पाकिटं घ्यायची, हे त्याला तोवर कळायला हवं.

आपला नम्र,
लातूर जिल्ह्यातील एक किराणा दुकानदार