घोरण्याची साक्ष घरच्यांनीच द्यायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘काय गाढ झोप लागते हो यांना!’ असे आमच्याकडे मुक्कामाला आलेले पाहुणे म्हणत आणि लग्नानंतरची २६ वर्षे मीही ते कौतुकच समजत आले. माझे पती मोठ्याने घोरत, मध्येच आवाज पूर्ण थांबे आणि मग घुसमटल्यासारखा श्वास घेऊन घोरणे पुन्हा सुरू होई. सकाळी डोके जड, तोंडाला कोरड, रात्रीतून तीनदा लघवीला उठणे आणि तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब, या प्रत्येक तक्रारीसाठी आम्ही निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेलो. परंतु घोरण्याविषयी त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. दुपारी पेपर वाचता वाचता त्यांना डुलकी लागे, पण वामकुक्षीची सवय असलेल्या घरात तिचे कोणाला नवल वाटणार? गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडच्या उताराला लागलो आणि गाडी चालवतानाच त्यांचा डोळा लागला. गाडी शेजारच्या मार्गिकेत सरकू लागली तेव्हा मी ओरडले, म्हणूनच आम्ही वाचलो.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो, आणि हे रात्रभर घडत राहूनही सकाळी त्या माणसाला त्यातले काहीही आठवत नाही. म्हणजे ज्याला आजार आहे, त्याला तो सांगताच येत नाही. शेजारी झोपणारे माणूसच ते सांगू शकते. एकटे राहणाऱ्यांनी निदान मोबाइलवर आपला रात्रीचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो डॉक्टरांना ऐकवावा.

‘रात्रभराची तपासणी’ म्हटल्यावर लोक बिचकतात, म्हणून ती कशी होते ते सांगते. रात्री नऊला आम्ही रुग्णालयात पोहोचलो. तेल लावताना पाडावा तसा केसांत जागोजागी भांग पाडून तंत्रज्ञांनी चिकट मलमाने बारीक तारा डोक्याला लावल्या. मग डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, छातीवर आणि पोटऱ्यांवर तारा, छाती व पोटाभोवती दोन पट्टे, नाकापाशी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. सुई कुठेही टोचली नाही. सगळ्या तारा एका लहान डबीत जोडलेल्या असल्याने रात्री उठून जाण्याचीही सोय होती. ‘इथे मला झोपच येणार नाही,’ असे हे म्हणत होते. पण तुटक झोपेतूनही पुरेशी माहिती मिळते, असे आम्हाला सांगण्यात आले आणि ते खरे ठरले. किमान १० सेकंद श्वास बंद पडणे किंवा ठळकपणे मंदावणे, असे प्रसंग तासाला ५ पेक्षा कमी असतील तर प्रौढ माणसात ते सामान्य मानले जाते, आणि ३० किंवा त्याहून अधिक असतील तर आजार तीव्र समजतात. यांचा आकडा ४१ आला. अहवालाच्या कागदावर श्वासाची रेघ जिथे सपाट झाली होती तिथे डॉक्टरांनी पेन टेकवले. ती रेघ ५२ सेकंद सपाट होती. त्या सगळ्या रात्री मी शेजारी झोपून काढल्या होत्या.

आता ते रात्री सीपॅपचा मास्क लावतात. हे यंत्र हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवते. पहिला आठवडा फार चिडचिडीचा गेला, दोनदा त्यांनी मास्क काढून फेकला, परंतु महिनाभरात सकाळची डोकेदुखी थांबली. घोरणाऱ्या प्रत्येकालाच हा विकार असतो असे नाही, हे खरे. म्हणूनच तपासणी करावी. मनाने झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत, कारण काही गोळ्यांनी हा त्रास वाढू शकतो.

बायकांविषयी मला काळजीने लिहावेसे वाटते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये या विकाराचे प्रमाण वाढते, पण बाई घोरते हे सांगायची घरात लाज वाटते, आणि तिचा थकवा कामाच्या नाहीतर वयाच्या नावावर खपून जातो.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना तपासताना डॉक्टरांनी सोबत आलेल्या माणसाला ‘हे रात्री कसे झोपतात?’ एवढे अवश्य विचारावे. दुसरे, वयाच्या चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे लागते. आम्ही ते घेतले तेव्हा यांची दृष्टी तपासली गेली, झोपेचा विषयही निघाला नाही. परिवहन खात्याने त्या तपासणीत दिवसा येणाऱ्या झोपेविषयी आणि घोरण्याविषयी प्रश्न घालावेत, आणि मालमोटारी व प्रवासी बस चालवणाऱ्यांपैकी ज्यांच्याबाबत शंका येईल त्यांची रात्रभराची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत व्हावी. कारण एका रात्रीची मजुरी बुडवून वर पदरचे पैसे घालणे त्यांना परवडणारे नाही.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे