फवारणीआधी डासांची जनुके तपासा

संपादक महोदय,

बेटांवरील मलेरिया निर्मूलनाविषयीचा आपला लेख वाचला. चहूबाजूंनी समुद्र असल्याने बेटावरचे डास संपवणे सोपे, हे त्यातील गृहीतक मात्र पटले नाही.

इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशातील बियोको बेटाचेच पाहा. तिथे 2004 मध्ये घराघरांतल्या भिंतींवर पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारले गेले. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस फ्युनेस्टस हा डास जवळपास नाहीसा झाला. मलेरिया पसरवणारी दुसरी जात, ॲनोफिलिस गॅम्बिए, मात्र हटली नाही. तिच्या मज्जातंतूंशी संबंधित एका जनुकात डीएनएच्या केवळ एका अक्षराचा बदल झालेला होता आणि असा बदल डासाला त्या औषधाचा प्रतिकार करायला मदत करतो. हे तपासणीतून कळले, म्हणूनच पुढच्या वर्षी कार्बामेट गटातील औषध वापरले गेले आणि डास घटले. भिंत तीच, फवारणारे हात तेच, फक्त औषध बदलले! शिवाय आफ्रिकेचा किनारा तिथून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. बोटींतून डास ये-जा करू शकतात.

त्यामुळे कोणत्याही बेटावर मोहीम आखताना जनुकीय तपासणीची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी. फवारणी फसल्यावर तपासणी करायची, तर मधल्या काळात तापाने फणफणतात ती तिथली लहान मुले.

– एक वाचक, रत्नागिरी