स्कॉटलंडच्या रानातून

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

केबिनला रेंज अजिबात नव्हती म्हणून फोन झाला नाही, आई उगाच काळजी करत बसली असशील, आता अ‍ॅव्हिमोर स्टेशनवर ट्रेनची वाट बघत सगळं सविस्तर लिहितोय.

केर्नगॉर्म्स नॅशनल पार्क हे ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं, त्यात ग्लेनमोरच्या बाजूला पाइनच्या रानात लाकडाची एक खोली, पुढे पडवी, मागे ओढा, बस. शेजारपाजार काही नाही. डोंगर म्हणाल तर आपलं कळसूबाई इथल्या सगळ्यांपेक्षा उंच आहे हो बाबा, पण चालायची मजा वेगळीच. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कोणाचीही जमीन असो, नीट वागलात तर चालत जायची मुभा आहे, ना तिकीट ना वॉचमन. आम्ही रायव्होनच्या खिंडीतून हिरव्या तळ्यापर्यंत गेलो, पाणी खरंच हिरवंगार, म्हणे पऱ्या तिथे कपडे धुतात म्हणून! वाटेत मुंग्यांची वारुळं, पण मातीची नाहीत, पाइनच्या सुया रचून केलेली, काही तर माझ्या कमरेएवढी. पाच मिनिटं उभं राहून बघितलं तर अख्खं वारूळ हलतंय असं वाटतं.

भीमाशंकरला तुम्ही शेकरू दाखवायचात ना, तशी इथे लाल खार, पण शेकरूच्या मानाने अगदीच पिटुकली. पडवीत झाकणाची पेटी ठेवलीय, बाई येऊन डोक्याने झाकण उचलतात, एक हेझलनट घेतात आणि लगेच दुसरीकडे पुरायला पळतात. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी इंग्लंडमधून हिला जवळपास हाकललं. इथे पाइन मार्टेन नावाचा मांजराएवढा प्राणी आहे, गळ्याखाली पिवळसर पट्टा, तो करड्या खारी जास्त मारतो म्हणून लालींचं फावतंय. त्यालाही शिकारीच्या जमिनी राखणाऱ्यांनी जवळजवळ संपवलं होतं, १९८८ ला संरक्षण मिळालं तेव्हा कुठे सावरला. एका संध्याकाळी आला आणि जॅम लावलेला ब्रेडचा तुकडा निवांत बसून खाल्ला पठ्ठ्याने. संध्याकाळ म्हणजे काय, रात्रीचे दहा, उजेड असतोच.

मला राहून राहून हेच वाटत होतं, की इथलं रान आपल्याला वाटतं तसं अस्पर्श वगैरे काही नाही, आधी संपवलं आणि मग परत आणलं. कॅपरकेली म्हणून टर्कीएवढा रानकोंबडा आहे, तो संपला होता, १८३७ ला स्वीडनहून आणून सोडला, आणि आता परत जेमतेम पाचशेच्या आसपास उरलाय, म्हणून त्याला शोधत फिरू नका अशा पाट्या लावल्यात. ते मला पटलं, आम्ही पायवाट सोडली नाही. रेनडियर हरणं १९५२ ला आणली. ऑस्प्रे हे मासे पकडणारे शिकारी पक्षी मात्र आपणहून परतले, १९५४ ला लॉख गार्टनला (लॉख म्हणजे तळं) घरटं केलं, आणि अंडी चोरणाऱ्यांपासून वाचवायला माणसं पहाऱ्याला बसायची. आता मासा पायात धरून येताना दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो. उजनीला हिवाळ्यात येतो तोच पक्षी, फक्त इथले थंडीत आफ्रिकेला जातात.

बाबा, तुम्ही दोघं येणार असाल तर मेच्या सुरुवातीला या. जूनपासून चिलटं अशी चावतात की चहा बाहेर बसून पिता येत नाही. आणि पायमोजे पॅंटवरून ओढायचे, गवतात गोचीड असतात, रोज संध्याकाळी तपासायचं. आई, गुडघ्याची काळजी करू नकोस, लॉख अन एलनची फेरी सपाट आहे, मधे बेटावर पडका किल्लाही दिसतो, तू आरामात करशील.

व्हिसाचे कागद या आठवड्यात पाठवतो.

तुमचा,
बाळू