महामार्गाच्या दोन टोकांविषयी : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : राष्ट्रीय महामार्ग जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात त्या जागांबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

महामार्गांविषयी आपल्याकडे येणारी बहुतेक पत्रे रस्त्याच्या मधल्या भागाविषयी असणार. खड्डे, टोल नाके, भूसंपादनाचा मोबदला, वर्षानुवर्षे रखडलेले चौपदरीकरण हे त्यांचे विषय, आणि मुंबई-गोवा महामार्गावरील पत्रांसाठी तर मंत्रालयात एखादे स्वतंत्र कपाट असले तरी आश्चर्य वाटू नये. हे पत्र मात्र महामार्गाच्या टोकांविषयी आहे. हजारो किलोमीटरचा रस्ता नेमक्या कोणत्या जागी सुरू होतो, कोणत्या जागी संपतो, आणि तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला ते कळते का, हा प्रश्न आजवर कोणाच्याही कामाच्या यादीत आलेला दिसत नाही. तो आपल्या यादीत यावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

काही टोके निसर्गानेच अशी घडवली आहेत की, तिथे मंत्रालयाने काहीही केले नाही तरी चालते. श्रीनगरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ देश उभा ओलांडून कन्याकुमारीला पोहोचतो, आणि पुढे समुद्र असल्यामुळे रस्ता संपला हे कोणी सांगावे लागत नाही. सध्याच्या महामार्ग ३ चे एक टोक अटारीच्या सीमेवर आहे आणि दुसरे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये. दोन्हीकडे थांबण्याचे कारण उघड आहे. सर्वांत विलक्षण टोक मात्र तमिळनाडूतील धनुष्कोडीचे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात ते गाव वाहून गेले आणि त्यानंतर कित्येक दशके तिथे जायचे तर वाळूतून वाट काढावी लागे. २०१७ मध्ये तिथल्या जमिनीच्या शेवटच्या टोकापर्यंतचा, म्हणजे अरिचलमुनैपर्यंतचा, पक्का रस्ता खुला झाला. दोन्ही बाजूंना समुद्र, उजाड झालेल्या गावाचे अवशेष, आणि शेवटी एक वर्तुळ, त्यात अशोकस्तंभाची प्रतिकृती. गाड्या त्या वर्तुळाला वळसा घालून परत फिरतात. रस्ता संपवायचा कसा हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक आहे, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

पण समुद्र, सीमा किंवा हिमालय मदतीला आला नाही की काय होते? राजपत्रातील महामार्गांच्या अनुसूचीत बहुतेक वर्णने एकाच साच्यातली आहेत : अमुक महामार्गाच्या जंक्शनपासून सुरू होऊन तमुक महामार्गाच्या जंक्शनजवळ समाप्त. कागदावर ते चोख आहे. रस्त्यावर मात्र त्याचा अर्थ एवढाच होतो की, देशातील अनेक मोठे रस्ते एखाद्या फाट्यावर जन्म घेतात आणि दुसऱ्या एखाद्या फाट्यावर विरून जातात. पंजाबातील संगरूरहून निघालेला महामार्ग ५२ राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून धुळ्याला येतो, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर करत कर्नाटकात शिरतो, आणि सुमारे २,३०० किलोमीटरनंतर घाट उतरून अंकोल्याजवळ महामार्ग ६६ ला मिळतो. अंकोला हे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात नाव मिळवलेले किनाऱ्यावरचे गाव. पंजाबच्या गव्हाच्या शेतांतून निघालेला रस्ता अरबी समुद्राजवळ अशा गावी संपतो, यात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण वाहनचालकाच्या लेखी तिथे डावीकडे मंगळूर आणि उजवीकडे गोवा, एवढाच निर्णय उरतो. तो महामार्ग ६६ तरी कुठे सुरू होतो? पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर. सुमारे सोळाशे किलोमीटर किनाऱ्याला समांतर जाऊन कन्याकुमारीला पोहोचणाऱ्या रस्त्याचा हा आरंभ, आणि आपल्या सगळ्यांच्या मनात ती जागा म्हणजे कोकणात जाताना कोंडी सुटण्याची वाट पाहण्याचे ठिकाण.

महामार्ग ५३ वर थोडे अधिक थांबतो, कारण माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठी हुकलेली संधी तीच आहे. सुरतजवळच्या हजिरा बंदरापासून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत सतराशे किलोमीटरहून अधिक लांबीचा हा रस्ता आहे. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती आणि आपले नागपूर त्याच्यावर आहेत. खानदेश-विदर्भातील लक्षावधी माणसे, समुद्रापासून दूर राहणारी, ज्या रस्त्यावरून रोज कापूस आणि केळी बाजारात आणि मुले शाळेत नेतात, त्याच्या दोन्ही टोकांना दोन वेगळे समुद्र आहेत. त्यांपैकी कितीजणांना हे माहीत असेल? २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. तो पराक्रम खराच होता आणि त्याचे कौतुकही झाले. मात्र विक्रम झाला तोही रस्त्याच्या मध्यावरच. टोकांच्या वाट्याला अद्याप कोणतेही कौतुक आलेले नाही.

जुन्या काळी ही उपेक्षा एवढी जाणवत नसे, कारण रस्त्याचे टोक त्याच्या नावातच असे. मुंबईच्या उपनगरांतून जाणाऱ्या रस्त्याला आग्रा रोड म्हणत. आज तो लालबहादूर शास्त्री मार्ग आहे, तरी जुन्या माणसांच्या तोंडी आग्राच. पुण्यात नगर रस्ता, सोलापूर रस्ता अजून रूढ आहेत. २०१० मध्ये केंद्राने क्रमांकांची फेररचना केली. उत्तर-दक्षिण महामार्गांना सम आणि पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम क्रमांक, सम क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढणारे, विषम उत्तरेकडून दक्षिणेकडे. ही पद्धत तर्कशुद्ध आहे आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु तिच्यामुळे जुने सलग मार्ग तुकड्यांत विभागले गेले. आग्रा ते मुंबई हा एकेकाळचा महामार्ग ३ वेगवेगळ्या क्रमांकांत वाटला गेला आणि तो क्रमांक थेट अटारी-लेह मार्गाला गेला. ठाणे ते चेन्नई हा जुना महामार्ग ४ दिल्ली-चेन्नई या महामार्ग ४८ मध्ये सामावला. क्रमांक बदलला तेव्हा टोकेही बदलली, आणि नवी टोके कुठे आहेत हे प्रवाशांना सांगण्याचे राहून गेले.

दुसरे कारण बायपासचे आहे. शहराबाहेरून वळणरस्ता झाला की महामार्ग तिकडे सरकतो, आणि शहरातील जुना तुकडा यथावकाश राज्याकडे किंवा महापालिकेकडे वर्ग होतो. वाहतुकीच्या दृष्टीने ते योग्यच. पण त्याबरोबर महामार्गाचे टोकही एखाद्या चौकातून, टपाल कार्यालयासमोरून किंवा बंदराच्या दारातून उचलले जाऊन शेतातल्या एखाद्या उड्डाणपुलाखाली जाते. पूर्वी अंतरे मोजण्याची ठिकाणे अशी आडबाजूची नसत. मुंबईच्या जुन्या मैलाच्या दगडांवरील अंतरे फोर्टातील सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेली आहेत. आपण ज्या नागपूरचे प्रतिनिधित्व करता तिथला १९०७ चा शून्य मैलाचा स्तंभ तर आपल्याला मी सांगावा असे नाही. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी निगडित असलेल्या त्या खांबावर आसपासच्या गावांची अंतरे कोरली आहेत, आणि शतक उलटून गेल्यावरही माणसे तो पाहायला जातात.

द्रुतगती मार्गांच्या बाबतीत टोकाचा प्रश्न केवळ भावनेचा उरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ज्याचे काम आपण राज्यात सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना सुरू झाले, कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो. म्हणजे तो मुंबईत सुरू होत नाही आणि पुण्यातही संपत नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग हा राज्याचा प्रकल्प, त्याची जबाबदारी आपली नव्हे, पण उदाहरण म्हणून तो टाळता येत नाही. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो, आणि खुद्द मुंबई गाठायला गोदामांच्या त्या परिसरातून पुढे बरेच जायचे असते. तासन्‌तास एका वेगात गाडी चालवून आलेला चालक अशा जागी अचानक अवजड वाहनांच्या रांगेत आणि स्थानिक रहदारीत येऊन पडतो. टोक कुठे आहे, त्यानंतरचा रस्ता किती पदरी आहे, शहर अजून किती दूर आहे, हे त्याला काही किलोमीटर आधीपासून ठळक अक्षरांत सांगितले गेले पाहिजे. मार्गाच्या नावात ज्या शहराचा उल्लेख आहे तिथे तो पोहोचत नसेल, तर ही माहिती देणे हे कर्तव्यच मानावे लागेल.

इतर देशांनी या बाबतीत सर्व काही बरोबर केले आहे असे नाही, आणि त्यांच्या चुकाही उपयोगी आहेत. अमेरिकेचा आंतरराज्य महामार्ग ७० सुमारे साडेतीन हजार किलोमीटर धावून पश्चिमेला युटातील कोव्ह फोर्ट येथे, म्हणजे जवळपास निर्जन माळावर, दुसऱ्या महामार्गाला मिळून संपतो. पूर्वेकडे तो बाल्टिमोर शहराच्या आत जायचा होता; वाटेतले वन-उद्यान वाचवण्यासाठी नागरिकांनी विरोध केला, बेत रद्द झाला, आणि रस्ता एका वाहनतळापाशी येऊन थांबला. उद्यान वाचले हे चांगलेच झाले, पण देशाच्या एका प्रमुख मार्गाचे टोक म्हणून वाहनतळ ही जागा केविलवाणी आहे. याउलट त्याच देशाचा जुना महामार्ग १ फ्लोरिडातील की वेस्ट येथे शून्य मैलाच्या एका साध्या हिरव्या पाटीशी सुरू होतो, आणि सुमारे ३,८०० किलोमीटरवर, कॅनडाच्या सीमेलगतच्या फोर्ट केंट गावीही त्याची खूण आहे. अमेरिकेतल्याच मार्ग ६६ चे अधिकृत पश्चिम टोक कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहरातील एक सामान्य चौक होते, परंतु लोकांना शेवट समुद्रावरच हवा होता. मार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून गेला, आणि २००९ मध्ये तिथल्या धक्क्यावर समाप्तीची पाटी लागली. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे आंतरराज्य महामार्ग ४० च्या आरंभी दुसऱ्या टोकाचे, कॅलिफोर्नियातील बारस्टो गावाचे अंतर दाखवणारा फलक होता : २,५५४ मैल. तो इतक्या वेळा चोरीला गेला की शेवटी अधिकाऱ्यांनी नवा लावणेच सोडले. चोरीचे समर्थन कोणी करणार नाही, पण एक गावाचे नाव आणि एक आकडा यांची लोकांना किती ओढ असते, हे त्यावरून दिसते. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय मार्ग ३ च्या शेवटी, लापाताइया उपसागराजवळ, एक लाकडी फलक बुएनोस आइरेस ३,०७९ किलोमीटरवर असल्याचे सांगतो. त्याहून मोठे काही तिथे बांधायची गरज नाही.

सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. टोकियोतील निहोनबाशी पूल हा तिथल्या रस्त्यांचा शून्य किलोमीटर. एदो काळातील, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील, पाच प्रमुख मार्ग तिथूनच निघत. १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी घाईने द्रुतगती मार्ग बांधताना त्याचा एक उन्नत भाग नेमका या पुलावरून नेला गेला आणि १९११ चा दगडी पूल सावलीत गेला. आता तो उन्नत मार्ग जमिनीखाली नेण्याचे प्रचंड खर्चाचे काम सुरू आहे आणि ते २०४० च्या सुमारास पूर्ण व्हायचे आहे. एका टोकाची आठवण न ठेवल्याची किंमत एखाद्या देशाला पाऊणशे वर्षांनी अशी मोजावी लागते.

आता भीतीही स्पष्ट सांगतो. टोकांकडे लक्ष द्या म्हटले की आपल्याकडे कमानी उभ्या राहतात, त्यांवर नेत्यांची छायाचित्रे लागतात, रंगीत दिवे येतात, सेल्फी पॉइंट होतो, आणि दोन वर्षांत दिवे बंद पडून कमान जाहिरातींसाठी भाड्याने जाते. तसे होणार असेल तर पळस्पे फाटा आहे तसाच बरा.

माझी मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, हे खेड्यातल्या मुलालाही माहीत आहे. तोच दगड, आकाराने थोडा मोठा, प्रत्येक महामार्गाच्या दोन्ही टोकांना बसवावा. त्यावर महामार्गाचा क्रमांक, एकूण लांबी, आणि दुसऱ्या टोकाच्या गावाचे नाव असावे. आधी स्थानिक लिपीत, मग हिंदी आणि इंग्रजीत. रस्त्यावरील अंतराच्या ज्या मोजणीला अभियंते साखळी क्रमांक म्हणतात तिचा शून्य कागदावर कुठेतरी असतोच, तो जमिनीवर दिसावा. दगडाशेजारी चार वाहने रहदारीला अडथळा न होता उभी राहतील एवढी जागा असावी, आणि यापुढील प्रकल्पांच्या आराखड्यातच ती धरावी, म्हणजे नंतर भूसंपादनाचा घोळ होणार नाही. जंक्शन फारच गैरसोयीचे असेल तर दगड जवळच्या गावाच्या वेशीवर बसवण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यांना द्यावी. बायपासमुळे जिथे टोक सरकले आहे तिथे जुन्या जागीही एक ओळ लिहिलेली असावी की, अमुक सालापर्यंत महामार्ग इथून निघत असे. धनुष्कोडीत मात्र आहे त्यात काहीही भर घालू नये, ही विनंती.

सर्व महामार्गांवर हे एकदम होणार नाही, याची कल्पना आहे. सुरुवात महामार्ग ५३ पासून करता येईल. हजिराच्या दगडावर पारादीपचे नाव, पारादीपच्या दगडावर हजिराचे, आणि अपवाद म्हणून एक तिसरा दगड नागपुरात, दोन्ही समुद्रांची अंतरे दाखवणारा. या तीन दगडांचा आदेश मंत्रालयातून केव्हा निघेल, एवढे जाहीरपणे कळवावे.

कळावे,
आपला नम्र,
महामार्गांवरून नित्य प्रवास करणारा एक नागरिक