रिवाइंडिंगच्या नावाखाली १९६३ च्या बेस गिटारचे मूळ पिकअप नष्ट केल्याबाबत तक्रार

गिरगाव, मुंबई

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वाद्यांचे सुटे भाग व दुरुस्ती विभाग

विषय: प्रिसिजन बेसच्या पिकअपचे रिवाइंडिंग, ट्यूनरचा संच आणि व्हॉल्यूम पॉट या तिन्हींबाबत तक्रार, मूळ भाग परत मिळण्याची मागणी.

महोदय,

तुमच्याकडून परत आलेले पार्सल मी १८ ऑगस्टला उघडले तेव्हा आधी नजर गेली ती वायरवर. ती काळ्या प्लास्टिकची होती. मी पाठवलेल्या पिकअपला, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाला, मेण लावलेल्या सुती वेष्टणाची वायर होती, हातात धरली की किंचित चिकट लागणारी. ती गेलेली पाहताच आत काय झाले असणार याचा अंदाज आला. कव्हर काढले आणि तो खरा ठरला. दोन्ही कॉइल, म्हणजे चुंबकाभोवतीची तारेची वेटोळी, नव्या होत्या. मी एकच गुंडाळायला सांगितली होती.

हे पिकअप माझ्या वडिलांच्या फेंडर प्रिसिजन बेसचे आहे. नेकच्या बुडाशी '६३ सालचा शिक्का आहे आणि मागच्या पट्टीवरचा क्रमांक 'एल'ने सुरू होतो. बाबांनी ही गिटार १९७४ मध्ये धोबी तलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामूहिक वसतिगृहात, उतरलेल्या एका गोवेकर खलाशाकडून घेतली. त्याआधी ते उभा डबल बेस वाजवत. पुढची तीसेक वर्षे वाद्यवृंदांत आणि ताडदेवच्या फिल्म सेंटरमधल्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी हीच वाजवली. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूने आमच्यासाठी इतके कमावलेले नाही. आज बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि बोटे अजून चालतात. सहा वर्षांपूर्वी पिकअप मुके झाले तेव्हापासून गिटार पेटीत होती. ती त्यांच्या हयातीत, होती तशी, पुन्हा वाजावी एवढ्यासाठी मी हे काम काढले.

मी स्वतः ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात तेवीस वर्षे काम करते. सोल्डरिंग मला येते, पण कॉइल गुंडाळण्याचे यंत्र माझ्याकडे नाही आणि अशा कामात हात बसलेला नाही. म्हणूनच जाणकाराकडे द्यायचे ठरवले. तुमच्या संकेतस्थळावर 'काळाशी सुसंगत भाग आणि दुरुस्ती' असे ठळक लिहिले आहे. ते वाचून मी तुमच्याकडे आले.

बिघाड काय होता, हे मी पार्सलसोबतच्या पत्रात लिहिले होते. पुन्हा लिहिते, कारण माझे पत्र तुमच्या कारागिरापर्यंत पोचले होते का, याची मला शंका आहे. या पिकअपमध्ये दोन कॉइल असतात, एक ई आणि ए तारांखाली, दुसरी डी आणि जी तारांखाली. त्या सिरीजमध्ये जोडलेल्या असल्याने एक तुटली की दोन्ही मुक्या होतात. त्या काळी कॉइलची तार थेट चुंबकाच्या दांड्यांभोवती गुंडाळत. मध्ये असलाच तर लॅकरचा पातळ थर. आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. इतके पावसाळे खाल्ल्यावर दांड्यांना गंज धरला आणि ई-ए बाजूची तार आतून तुटली. डी-जी बाजूची कॉइल मात्र ठणठणीत होती. मल्टिमीटरवर तिचा रोध ५.३ किलोओहम आला. तो आकडा, दोन्ही कॉइलची छायाचित्रे आणि या सूचना मी पत्रात दिल्या होत्या: फक्त तुटलेली कॉइल गुंडाळा, तार ४२ गेज जाडीची, फॉर्मव्हार इनॅमलची (तारेवरचा त्या काळचा विद्युतरोधक लेप) वापरा, चांगल्या कॉइलला हात लावू नका, कापडी वायर तीच ठेवा, काढलेली प्रत्येक गोष्ट, तुटकी तारसुद्धा, पाकिटात घालून परत द्या. त्यावर ३ जुलैला तुमच्याकडून ईमेल आली: 'सूचना मिळाल्या, मूळ भाग पूर्णपणे राखले जातील.' तिची प्रत जोडली आहे.

आता परत काय आले ते पाहा. दोन्ही कॉइल तांबूस रंगाच्या आधुनिक तारेने गुंडाळल्या आहेत. जुन्या फॉर्मव्हारचा सोनेरी, मधासारखा रंग मी सहा वर्षे भिंगातून पाहत आले आहे, त्यामुळे ओळखण्यात चूक होणे शक्य नाही. रोध प्रत्येकी ७.१ किलोओहम येतो. म्हणजे एक तर वेढे वाढवले आहेत किंवा तार अधिक बारीक वापरली आहे, आणि यातले काहीही मी सांगितले नव्हते. दोन्ही कॉइलवर मेण ओतले आहे. काढलेल्या वस्तूंचे पाकीट नाही.

यात भर म्हणजे गिटार आता घुमते. हे पिकअप १९५७ मध्ये दोन तुकड्यांत विभागले गेले, तेव्हा दोन्ही कॉइलचे चुंबक आणि वेढे एकमेकांच्या उलट ठेवले, म्हणजे बाहेरून येणारा विजेचा 'हम' एकीत जितका शिरेल तितका दुसरीत कटावा. तुमच्या कारागिराने जोडणी अशी केली आहे की हम कटण्याऐवजी बेरजेने येतो. बाबांच्या खोलीतली ट्यूबलाइट लावली की ॲम्प्लिफायरमधून एकसारखी घूंऽऽ सुरू होते. ध्वनिमुद्रणात यांच्या बेसचा कधी त्रास नसायचा, असे त्यांचे जुने सहकारी आजही सांगतात. एका कॉइलची दोन टोके अदलाबदल केली की हे पाच मिनिटांत सुटेल. मी मात्र पुरावा म्हणून काहीही हलवलेले नाही.

२१ ऑगस्टला मी फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने शांतपणे ऐकून घेतले, त्याबद्दल तक्रार नाही. पण उत्तर असे मिळाले: 'मॅडम, दोन्ही नवीन केल्या म्हणजे मॅचिंग झाले, आउटपुटही वाढला, आणि जास्तीचे पैसे आम्ही लावलेले नाहीत. जुनी तार ठेवून तुम्ही काय करणार होतात?'

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते. त्या वेळी यंत्रावर तार माणूस हाताने सरकवत असे. वेढे प्रत्येक कॉइलला सारखे नसत, ताण सारखा नसे. म्हणून त्याच वर्षाच्या दोन गिटारींचे आवाजही तंतोतंत जुळत नाहीत. आमच्या बेसचा आवाज नेमका कसा होता, याचे माप जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते: त्या चांगल्या कॉइलमध्ये. तिचा रोध मोजून, जाडी पाहून, तार चाचपून तुटलेलीची जोडीदार तयार करता आली असती. तुमच्या कारागिरासमोर नमुना होता, आणि त्याने तो कापून काढला. आता कोणीही, कितीही कुशल असो, ती जोडी पुन्हा जुळवायला बसला तर कशाशी जुळवणार? तुटलेली कॉइल ही झीज होती, ती मी मान्य केली होती. चांगली कॉइल जाणे ही झीज नाही.

आउटपुट वाढला हे खरे आहे. पण वाढीव आउटपुट मी मागितलाच नव्हता. वेढे वाढले की आवाजातला वरच्या पट्टीचा उघडेपणा जातो आणि मधला भाग जाड होतो. बाबा आजही फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेष्टणाच्या, तारा लावतात. त्यांच्या वाजवण्यात स्वर उठतो, गोल होतो आणि लगेच बसतो. परवा त्यांनी दोन मिनिटे वाजवले, थांबले आणि म्हणाले, "हा माझा नाही गं." एवढेच बोलले आणि गिटार परत पेटीत ठेवली.

दुसरी बाब ट्यूनरची, म्हणजे तारा जुळवायच्या खुंट्यांची. ए तारेच्या खुंटीचा गिअर झिजला होता. तुम्ही सुटा ट्यूनर देत नाही, म्हणून चारचा संच घ्यावा लागला. १९६३ च्या प्रिसिजनवर क्लुसन कंपनीचे ट्यूनर असत आणि ते आजच्या सर्वसाधारण बेस ट्यूनरच्या उलट दिशेने फिरत. तुमच्या खोक्यावर 'रिव्हर्स, १९६३' असा स्पष्ट छाप आहे. आतले ट्यूनर सर्वसाधारण दिशेचेच निघाले. स्क्रूची भोके जुळत होती, नवीन काही पाडावे लागणार नव्हते, म्हणून मी फक्त ए चा बसवून पाहिला. बाबांनी स्वर जुळवायला घेतला. ई जुळली. ए थोडी चढी होती, ती उतरवायला त्यांनी खुंटी नेहमीच्या दिशेने फिरवली आणि तार आणखी चढली. पन्नास वर्षांची सवय आहे, हात विचारून फिरत नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, ती पुन्हा चढली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. आपल्यालाच आता ऐकू येईनासे झाले की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसली. या वयाच्या वादकाला तुमच्या खोट्या छापामुळे तसे वाटावे, याचा मला अतिशय राग आहे आणि तो इथे नोंदवते. तो ट्यूनर मी त्याच संध्याकाळी काढला. तुमचे चारही ट्यूनर त्यांच्या खोक्यात आहेत.

तिसरी बाब लहान आहे. व्हॉल्यूम पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागाच्या, आतला कार्बनचा पट्टा पूर्ण झिजला होता. टोन पॉट मात्र मूळचाच आहे. त्यावर ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा आकडा, पुढे ६३ आणि नंतर आठवडा असा कोड आजही वाचता येतो. व्हॉल्यूमला त्याच मोजमापाचा नवा पॉट हवा होता: पाव इंची, म्हणजे दोन सुती, भरीव शाफ्ट आणि तीन सुती आट्याची मान. कोड जुना नसला तरी चालेल, हे मी मागणीतच लिहिले होते. तुम्ही पाठवलेल्या पॉटचा शाफ्ट ६ मिलिमीटरचा, तोही मधून चिरलेला. मान ७ मिलिमीटरची, ती पिकगार्डच्या, म्हणजे गिटारच्या दर्शनी संरक्षक पट्टीच्या, भोकात डुगडुगते. मूळ नॉबचा ग्रब स्क्रू आवळला की नॉब एका बाजूला कलतो आणि फिरवताना डोलतो. असा पॉट कुठल्याही साध्या दुकानात मिळतो. तुमच्याकडे त्याचे शीर्षक 'साठच्या दशकातील अचूक प्रतिकृती' आहे.

'साठचे दशक' हा शब्द तुमच्या सूचीत सर्रास येतो, म्हणून थोडे सांगते. त्या दहा वर्षांत ही गिटार एकच नव्हती. १९६४ च्या अखेरीपर्यंत फिंगरबोर्डवर मातकट, 'क्ले' म्हणतात ते ठिपके होते, नंतर मोत्यासारखे चमकणारे आले. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली आणि त्यानंतर एकामागून एक भाग बदलत गेले. १९६३ ची गिटार दुरुस्त करणाऱ्याला १९६८ चा भाग उपयोगाचा नाही, आणि आजचा तर त्याहून नाही. तो घेणारा माणूस तुमच्या लिहिण्यावर विश्वास ठेवून पैसे भरतो, कारण पार्सल फोडेपर्यंत त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो.

माझ्या मागण्या अशा. सर्वांत आधी, पिकअपमधून काढलेली प्रत्येक वस्तू परत पाठवा: डी-जी कॉइलची तार, ई-ए कॉइलची तार, कापडी वायर, आणि फायबरच्या पट्ट्या बदलल्या असतील तर त्याही. त्या कुठे आहेत याचे लेखी उत्तर मला हवे, 'शोधून सांगतो' असे फोनवरचे नको. रिवाइंडिंगचे ₹९,५००, ट्यूनर संचाचे ₹१२,८०० आणि पॉटचे ₹२,१००, असे एकूण ₹२४,४०० परत करा. ट्यूनर आणि पॉट नेण्यासाठी तुमच्या खर्चाने माणूस पाठवा. पिकअप मात्र मी पुन्हा तुमच्याकडे देणार नाही. ते दुसऱ्या कारागिराकडून ४२ गेज फॉर्मव्हारने करून घेईन आणि त्याचा खर्च नुकसानभरपाई म्हणून तुम्ही द्यावा. सूचीतील 'रिव्हर्स, १९६३' आणि 'अचूक प्रतिकृती' ही वर्णने काढून तिथे शाफ्टचा व्यास, फिरण्याची दिशा आणि उत्पादक देश लिहा.

ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांनुसार, २०२० पासून, तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. ते न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारे वर्णन या दोन्ही कारणांनी मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे अर्ज करीन. कागदपत्रे तयार आहेत. माझे मूळ पत्र, ३ जुलैची ईमेल, तीन पावत्या, पाठवण्यापूर्वीची आणि परत आल्यानंतरची छायाचित्रे, तसेच मल्टिमीटरच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक ग्राहक

ता. क. जुनी तार यंत्रावरून कापून काढली असेल तर ती तुकड्यांत असेल, केसांच्या गुंत्यासारखी दिसेल, आणि कोणी कचरा समजून बाजूला सारली असेल. कृपया कामाच्या टेबलाखाली आणि केराच्या डब्यात आजच शोधायला सांगा. सापडेल तेवढी, कशाही अवस्थेत, पाठवा. पुढचा कारागीर निदान तिची जाडी आणि इनॅमल पाहू शकेल.